हॉट टबची सजावट: आधी झाकण उचलून बघा!

रंगीत एलईडी दिवे, छोटा धबधबा, नवे लाकडी पॅनेल... हॉट टब सजवायचा मोह होतोच. पण आधी झाकण उचला. जड लागलं, तर आतल्या फोमने पाणी धरलंय आणि उष्णता निसटतेय. मग हिटर सारखा चालतो, बिल फुगतं. कॅनडासारख्या बर्फाळ ठिकाणी तर नवं झाकण हाच पहिला खर्च! धबधबा सुंदर दिसतो, पण उघड्यावर पडणारं पाणी लवकर निवतं; ४० अंश टिकवायला हिटरला जास्त राबावं लागतं. दिवे मात्र मला मनापासून आवडतात: वीज कमी खातात, रात्री पायरी दिसते. पॅनेल कुजले नसतील तर रंगाचा एक हात पुरे. आणि जुन्या टबचा पंप कुरकुरत असेल, तर सजावटीवर एक पैसाही घालू नका.