गावाकडच्या मैनेचं गाणं

आम्ही मुंबईतल्या घाटकोपरहून बोलतोय. आमच्या बचत गटाच्या बैठकीत पैसे मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले की शेवटी एखादं गाणं होतं. मागच्या खेपेला एका ताईनं ‘माझी मैना गावाकडं राहिली’ धरलं आणि बाकीच्या सगळ्यांनी मागून ओढलं. गाणं संपलं तशी गटातली एक नवी सून म्हणाली, “ताई, हे नवऱ्याचं बायकोसाठीचं गाणं ना? मग यात बेळगाव-कारवार कशाला आलं?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं म्हणतोय, पण कुणालाच नीट सांगता येईना. मग विचारपूस केली. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण हे गाणं मुंबईत बांधलं गेलं असलं तरी ते तुमच्याबद्दल आहे.

गाणं रचलं अण्णा भाऊ साठे यांनी. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे त्यांचं गाव. जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, मातंग समाजातला. शाळा दीड दिवसाची, असं सगळे सांगतात. लहान वयात घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आले. एसटीनंसुद्धा कंबर धरते एवढा तो रस्ता, आणि पोर चालत आलं! इथं हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत काम केलं. पुढे पुष्कळ वर्षं ते आमच्या घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. ‘फकिरा’ कादंबरीमुळे त्यांचं नाव गाजलं, तरी त्यांची वस्ती झोपडीतच होती.

1944 साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. गिरणी कामगारांच्या चाळींतून, मैदानांतून त्यांचे कार्यक्रम होत. तमाशात सुरुवातीला गणपतीचा गण असतो ना, त्या जागी अण्णा भाऊंनी मायभूमीला आणि राबणाऱ्या हातांना नमन घातलं. बाकी डफ, ढोलकी, तुणतुणं तेच ठेवलं. लोकांच्या कानाला ओळखीचं वाटेल आणि सांगणं नवं असेल, अशी ती युक्ती.

हे गाणं म्हणजे छक्कड, लावणीच्याच घरातली. छक्कड एकट्यानं म्हणून रंगत नाही. पुढे शाहीर, मागे झीलकरी. शाहिरानं ओळ टाकली की झीलकरी तिचं शेवटचं टोक उचलतात आणि ‘जी जी रं जी’ करत वर नेतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो. शिवाय तीच ओळ पुन्हा आल्यामुळे मैदानाच्या पार कडेला बसलेल्या माणसालाही शब्द कळतात. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि मागे ही झील, एवढ्यावर हजारोंच्या सभा डोलायच्या.

आता अर्थाकडे येऊ. सुरुवातीला नवरा आपल्या बायकोचं रूप आणि गुण सांगतो. ती मैना. मग गरिबी दारात उभी राहते आणि त्याला मुंबईची वाट धरावी लागते. निघताना ती रडवेली झालेली, आणि तिची समजूत घालायला तो दागिन्यांची नावं घेतो. कोल्हापुरी साज करीन, वज्रटीक करीन, पुतळ्यांची माळ, नाकात नथ. ही यादी आली की आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका गालात हसतात. त्यांचे मालकही असंच सांगून गेले होते. त्यातल्या एकीनं आम्हाला सांगितलं, “साज राहिला बाजूला, माझी होती ती बोरमाळसुद्धा सावकाराकडं गेली.”

पुढे तो मुंबईत येतो आणि गाणं एकदम पालटतं. इथं यंत्रं आहेत, परदेशी मोटारी आहेत, तलम साड्या आहेत, काळाबाजार करून गब्बर झालेले लोक आहेत. ह्याच्या हाताला मात्र धड काम नाही आणि पोटाला भाकरी नाही. त्यातून पाऊस. आमच्या मते गाण्याचा सगळ्यात खरा भाग हाच. चिरागनगरात राहिलेल्या माणसाला मुंबईचा पाऊस कसा असतो हे वेगळं सांगावं लागलं नसणार.

आणि आता बेळगाव. त्या वेळी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य हवं आणि मुंबई त्यात हवी, ही मागणी. गोळीबार झाले, शंभरहून जास्त माणसं गेली. अण्णा भाऊंनी शेवटी काय केलं, तर जशी माझी न् मैनेची ताटातूट, तशीच या महाराष्ट्राची झाली, असं म्हणून बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं घेतली. राज्याच्या हद्दी सामान्य माणसाला कशा समजवायच्या? ज्याचं माणूस दूर आहे त्याला ताटातूट शिकवावी लागत नाही. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. गाण्यातली ती चार नावं मात्र बाहेरच राहिली, दोन आजच्या कर्नाटकात आणि दोन गुजरातेत. म्हणून सीमाभागात हे गाणं अजून वेगळ्या कळवळ्यानं म्हणतात.

एवढं सगळं त्या सुनेला सांगितल्यावर तिनं आणखी एक विचारलं, “पण मैना काय म्हणाली?” खरं आहे. गाणं नवऱ्याच्या तोंडचं आहे, झीलकरीही बहुतेक पुरुषच असत. मैनेचं म्हणणं तिथं नाही. ते जात्यावर आहे. मुंबईला गेलेल्या धन्याच्या, भावाच्या ओव्या बायांनी पहाटे दळताना म्हटल्या. एकीनं सुरू करायची, समोरचीनं खुंटा ओढत पुरी करायची, म्हणजे तिथंही झील होतीच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्यात. जाती गेली, गिरण्या आल्या. पण तुमच्या गावात अजून कुणा आजीला त्या ओव्या येत असतील, तर बैठकीत तिला पुढं बसवा आणि तिच्या मागं तुम्ही म्हणा. आणि कुणीतरी वहीत लिहून घ्या.

आमच्याकडचं एक सांगायचं राहिलं. ज्या ताईनं गाणं धरलं होतं, ती चार घरची धुणीभांडी करते. खोली दहा बाय दहाची, तीही भाड्याची. तिची सात वर्षांची मुलगी साताऱ्याकडे आजीपाशी असते, दिवाळीत आणि मे महिन्यात भेट होते. मैना कोण यावर आमची चर्चा चालली होती, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी तर दर वेळी पोरीसाठीच म्हणते.”

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही गाणं पुन्हा घेतलं. पुढे ती ताई होती, मागे आम्ही सतरा जणी. दागिन्यांच्या ठिकाणी तिनं साज-नथ सोडून दप्तर आणि पायातले बूट म्हटलं. बेळगाव-कारवार तसंच ठेवलं.