काडी ओढून पाहिलेलं कापड

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात आता सूत निघत नाही, कापड मात्र भरपूर विकलं जातं. शाळा उघडायच्या आधी तिथल्या एका दुकानात बसलो होतो. एका बाईंनी गणवेशाचं कापड चाचपलं. "मामा, प्युअर कॉटन आहे ना?"

"ताई, प्युअर घेतलं तर मीटरमागं जास्त पडंल, अन् रोज इस्त्री करावी लागंल."

बाईंनी तेच कापड फाडून घेतलं.

त्या गेल्यावर मामांनी तीन कापडांच्या कडेचे धागे उसवले, चिमट्यात धरले आणि काडी ओढली. पहिला पटकन पेटला, जळक्या कागदाचा वास आला, बोटाला मऊ राख लागली. कापूस. दुसरा ज्योत जवळ येताच आखडला, वितळला आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहिला. पॉलिएस्टर. तिसरा पेटलाही आणि आखडलाही. राख चुरली तरी आत खडा लागलाच. तेच गणवेशाचं कापड. पॉलिएस्टरसोबत कापूस असेल तर दुकानात 'पीसी' म्हणतात, विस्कोस असेल तर 'पीव्ही'. विस्कोसही कागदासारखाच जळतो, त्यामुळे या दोन्हींतला फरक काडीला सांगता येत नाही. तिथे मामांनाही ठोक व्यापाऱ्याच्या बिलावरच भिस्त ठेवावी लागते.

मिश्रणाला नाक मुरडायचं कारण नाही. या शहराचा हिमरूसुद्धा सूत आणि रेशीम एकत्र विणूनच होतो. आणि पॉलिएस्टर काही कराच्या सवलतीवर वाढलं नाही. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत कृत्रिम तंतूवर १८ टक्के आणि त्याच्या धाग्यावर १२ टक्के जीएसटी होता, कापसावर ५. आता सगळ्यांवर ५ आहे. तरीही आधीपासूनच जगातल्या एकूण तंतूंत निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आणि कापूस जेमतेम पाचवा हिस्सा. पॉलिएस्टर लवकर वाळतं, चुरगळत नाही, वर्षभर टिकतं. धुणं करणाऱ्या बाईचा हिशेब चुकीचा कसा म्हणावा?

खटकतं ते दुसरंच. कापसाच्या आयातीवर फेब्रुवारी २०२१ मध्ये लावलेलं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळासाठी उठवलं गेलं. अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्कानं कापड उद्योग अडचणीत होता, हे खरं. पण याच काळात सिल्लोड-पैठणकडं वेचणी सुरू होते. त्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. गिरण्यांना दिलासा द्यायचाच होता, तर तो वेचणीच्या तोंडावर, स्वस्त आयातीनं भाव दाबून, शेतकऱ्याच्या खिशातून नको होता.

आणि कॉटनचे म्हणून पैसे मोजणार असाल, तर कडेचा एक धागा मागून घ्या; घरी चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून जाळून पाहा. बिलावर मिश्रणाचं प्रमाणही लिहून घ्या, कारण किती टक्के ते काडी सांगत नाही.