'पुट अप'ची फजिती आणि माझी वही

२००८ सालची गोष्ट. यजमानांचं कापडाचं दुकान वर्षभर नुसतंच उघडं होतं, चालत नव्हतं. लेक नववीत, धाकटा सहावीत. घराच्या कर्जाचे हप्ते चुकायला लागले तेव्हा मीच म्हटलं, आता मी नोकरी बघते. बी.कॉम. झाले होते, टायपिंगच्या परीक्षाही दिल्या होत्या. आमच्या बार्शीजवळ नवीनच निघालेल्या एका इंग्रजी शाळेत ऑफिसच्या कामासाठी बाई हवी होती. अर्ज केला आणि चक्क बोलावणं आलं! निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं.

मुलाखत घ्यायला तिघं होते. नाव, शिक्षण, टायपिंगचा वेग, इथवर छान जमलं. मग मधल्या बाईंनी विचारलं, "समटाइम्स पेरेंट्स आर व्हेरी अँग्री. कॅन यू पुट अप विथ देम?"

मला त्यातलं 'पुट अप' तेवढं ओळखीचं वाटलं. 'व्हेअर डू यू पुट अप?' म्हणजे 'तुम्ही कुठं राहता?' हे कॉलेजपासून पाठ होतं. मी पालकांबरोबर कशाला राहू? म्हणून ठणकावून सांगितलं, "नो मॅडम, आय पुट अप विथ माय मदर-इन-लॉ!"

तिघंही खो खो हसले. का हसले ते न कळताच मीही हसले.

घरी आल्यावर लेकीनं डिक्शनरी उघडली आणि डोक्याला हात लावला. "आई, पुट अप विथ म्हणजे सहन करणं! मी सासूला सहन करते, असं सांगून आलीस तू!"

सासूबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझा चेहरा उतरला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग त्यात खोटं काय सांगितलंस? मी नाही का सोळा वर्षं तुला सहन करत?" आम्ही तिघी पोट धरून हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र रडू आवरेना. नोकरी मिळाली नाही. त्याला दुसरीही कारणं असतील, पण ते हसणं काही केल्या कानातून जाईना.

सोपे शब्द, अवघड अर्थ

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींनी पाचवीत ए, बी, सी, डी गिरवली. शाळेत आपण 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' असे भारदस्त शब्द घोकले. ते तसे गुणी असतात हो! बहुतेक वेळा एक शब्द, एक अर्थ. पण इंग्रजी माणूस घरात, दुकानात, फोनवर बोलताना सहसा ते वापरत नाही. तो पोस्टपोनऐवजी 'पुट ऑफ' म्हणतो, टॉलरेटऐवजी 'पुट अप विथ' आणि इन्व्हेस्टिगेटऐवजी 'लुक इन्टू'. पुट, लुक, टर्न, गेट हे बालवाडीतले शब्द. त्यांच्या शेपटीला अप, ऑफ, आऊट, डाऊन लागलं की अर्थ कुठल्या कुठं जातो.

व्याकरणात यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकानं १९२५ च्या आपल्या पुस्तकात हे नाव वापरलं आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचंही नमूद केलं. नाव अलीकडचं असलं, तरी अशी बोलायची पद्धत मात्र फार जुनी आहे.

मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि यादी करून पाठ करायला बसले. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक डाऊन ऑन म्हणजे तुच्छ लेखणं... संध्याकाळपर्यंत सगळ्याची खिचडी! मी वैतागून म्हटलं, "ही काय भाषा आहे? एका शब्दाचे किती अर्थ!"

सासूबाई म्हणाल्या, "आणि आपल्यात नाहीत का? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागतं. तो तुझा कोण लागतो, असंही विचारतात. शिकव बघू एखाद्या गोऱ्याला!"

चौथी शिकलेल्या बाईनं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पाडला. खरंच की! 'लागणे' आपण कधी यादी करून पाठ केलं होतं? भूक लागली तेव्हा 'भूक लागली' शिकलो, ठेच लागली तेव्हा 'ठेच लागली'. प्रसंगाबरोबर शब्द आला आणि तो कायमचा राहिला.

स्वयंपाकघर हीच शाळा

त्या दिवसापासून यादी बंद. जे काम हातात, त्याचाच शब्द वहीत. गॅस लावला की 'टर्न ऑन', बंद केला की 'टर्न ऑफ'. दूध उतू गेलं, 'बॉइल ओव्हर'. (हा शब्द मी जन्मात विसरणार नाही, शेगडी पुसत पुसत पाठ केलाय!) साखर संपली, 'रन आऊट ऑफ शुगर'. सासूबाईंच्या मधुमेहासाठी साखर कमी केली, 'कट डाऊन ऑन शुगर'. यजमानांनी तंबाखू सोडली, 'गिव्ह अप'. तो शब्द मला वहीत तीनदा लिहावा लागला, कारण त्यांनी ती तीनदा सोडली!

लिहिता लिहिता काही खुणा सापडल्या. 'अप' पुष्कळदा काम पुरतं संपवतं. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. आपलं 'टाकणे' नाही का असंच काम करत? पण दर वेळी हे चालत नाही हं! 'थ्रो' म्हणजे फेकणं आणि 'थ्रो अप' म्हणजे चक्क उलटी होणं!

दुसरी खूण शब्दांच्या जागेची. 'टर्न ऑफ द गॅस' चालतं, 'टर्न द गॅस ऑफ'ही चालतं. पण गॅसऐवजी 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की चुकलं. काही जोड्या मात्र कुणाला मधे घेतच नाहीत. 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. लेक म्हणायची, या जोड्या जुन्या नवरा-बायकोसारख्या आहेत, मधे कुणी आलेलं खपत नाही!

आणखी एक गंमत. आपल्याकडं पोरगा पदवी घेऊन बाहेर पडला की 'पासआऊट झाला' म्हणतात. परदेशातल्या माणसाला हे सांगितलंत तर तो घाबरून पाणी आणायला धावेल. तिकडं रोजच्या बोलण्यात 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं.

वही कामी आली

दोन वर्षांनी गावातल्याच एका छोट्या हॉस्पिटलच्या काउंटरवर मला नोकरी लागली. मुलाखत सगळी मराठीत झाली! मनात म्हटलं, गेली की वही वाया. पण तिथं विमा कंपन्यांची पत्रं इंग्रजीत यायची.

एकदा एक शेतकरी बाई कागद घेऊन आल्या, डोळ्यांत पाणी. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, विम्याचे पैसे नाकारले असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्या कानातलं मोडायला निघाल्या होत्या. मी पत्र वाचलं. त्यात 'हेल्ड अप' लिहिलं होतं. 'टर्न्ड डाऊन' असतं तर नाकारलं असा अर्थ झाला असता. हेल्ड अप म्हणजे अडकून राहिलंय. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही राहिली होती, तेवढंच! त्याच दिवशी सही घेऊन कागद पाठवला. पैसे आले, कानातलं वाचलं. त्या दिवशी मुलाखतीतलं ते हसणं पहिल्यांदा माझ्या कानातून गेलं.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, जाडजूड पुस्तकाची वाट बघू नका. एक वही करा. दिवसाला एकच शब्द, तोही आज हातून घडलेल्या कामाचा. पूर्ण वाक्य लिहा आणि मोठ्यानं म्हणा. चुकलात तर घरच्यांना हसू द्या. पण बाहेर कुणी हसलं, तर घरी येऊन त्याचा अर्थ तेवढा शोधाच.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. एका दुपारी त्यांची वेणी घालत होते, तर म्हणाल्या, "काय गं, तुझ्या वहीत माझ्यासाठी अजून तोच शब्द आहे का?"

मी म्हटलं, "नाही आई, आता 'लुक आफ्टर' आहे."

"म्हणजे?"

"सांभाळणं."

त्या जराशा हसल्या. "मग जा की त्या शाळेत, आणि नीट सांगून ये!"