दर तीस सेकंदांनी एक हाक

रात्री तीन वाजता एखाद्या वेबसाइटच्या सर्व्हरचा लॉग उघडून बघा. गिऱ्हाईक एकही नाही, तरी ओळी उमटतच असतात. येणाऱ्याचं नाव दर वेळी तेच: 'ईएलबी-हेल्थचेकर/२.०'. तो एक पान मागतो, सर्व्हर '२००' म्हणतो, म्हणजे 'सगळं ठीक'. तो जातो आणि तीस सेकंदांनी पुन्हा हजर होतो. पहिल्यांदा या ओळी पाहिल्या तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

हा पाहुणा म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमधला लोड बॅलन्सर. येणारी गर्दी तो अनेक सर्व्हरांत वाटून देतो. गर्दी वाढली की नवे सर्व्हर उभे करायचे आणि ओसरली की आवरून घ्यायचे, हे काम ऑटो स्केलिंगचं. मे २००९मध्ये या दोन्ही सोयी एकदमच आल्या. तेव्हापासून सर्व्हर ही येती-जाती वस्तू झाली. तासाभरापूर्वी जो नव्हता आणि तासाभराने नसेल, त्याची तब्येत कोणी माणूस बसून कशी बघणार?

म्हणून ही हाक. नेहमीच्या वेबसाइटसाठी वापरतात त्या लोड बॅलन्सरचे मूळ आकडे असे: दर ३० सेकंदांनी विचारायचं, उत्तराची ५ सेकंद वाट बघायची. लागोपाठ २ वेळा चुकलं की सर्व्हर 'अनहेल्दी', त्याच्याकडे गर्दी पाठवणं बंद. नव्याने आलेल्याला एकच बरोबर उत्तर पुरतं. पण एकदा नाव कापलं गेलं की परत येण्यासाठी लागोपाठ ५ बरोबर उत्तरं द्यावी लागतात.

खरी मेख पुढे आहे. ऑटो स्केलिंग मुळात फक्त यंत्र बघतं: ते चालू आहे ना, नेटवर्क लागतंय ना. आता समजा, मेमरी भरून आतलं ॲप्लिकेशन अडकलं. दुकानाचं शटर वर, दिवे लागलेले, पण गल्ल्यावर माणूस नाही. लोड बॅलन्सर गिऱ्हाईक पाठवणं थांबवतो, ऑटो स्केलिंग मात्र 'दुकान उघडं आहे' असंच धरून चालतं. तो सर्व्हर मोजणीत राहतो, त्याचं बिल चढत राहतं, काम शून्य. लोड बॅलन्सरचा निकाल ऑटो स्केलिंगने मानावा, यासाठी सेटिंगमध्ये एक खूण आपल्याला स्वतः करावी लागते. ती केली की अडकलेला सर्व्हर बंद होतो आणि त्याच्या जागी नवा उभा राहतो, कोणाची झोप न मोडता.

नव्याला मात्र सवड हवी. ॲप्लिकेशन उभं राहायला चार मिनिटं लागत असतील आणि निकाल दुसऱ्याच मिनिटाला लागला, तर नवा सर्व्हर जन्मताच बाद. त्याच्या जागचाही बाद, आणि हे चक्र थांबतच नाही. म्हणून 'ग्रेस पीरियड' असतो. जाणाऱ्यालाही सवड मिळते: 'ड्रेनिंग'मध्ये नवी कामं बंद, पण हातातली पुरी करायला मूळ मुदत ३०० सेकंदांची.

मला सगळ्यात थक्क करणारा नियम शेवटचा. सगळेच्या सगळे सर्व्हर 'अनहेल्दी' ठरले, तर लोड बॅलन्सर कोणालाच वगळत नाही, सर्वांकडे गर्दी पाठवू लागतो! सगळे एकाच वेळी नापास होतात तेव्हा तपासणीचाच घोटाळा असू शकतो, आणि दार बंद करण्यापेक्षा प्रयत्न केलेला बरा. हे शहाणपण कोणा अनुभवी माणसानेच त्यात घातलं असणार. ऑटो स्केलिंगला असा संयम नाही. तपासणीचं पान डेटाबेसलाही विचारत असेल आणि डेटाबेस अडखळला, तर ती खूण केलेली असल्यास ऑटो स्केलिंग धडधाकट सर्व्हरही बदलत सुटतं.

तुमच्याकडे सर्व्हरांचा असा गट चालू असेल, तर आज दोन गोष्टी उघडून बघा: ती खूण केली आहे का, आणि तपासणीचं पान नेमकं काय विचारतं.