फ्रीजमधला मणी खोटं कधी बोलतो?

तेलगावात घरच्या फ्रीजमध्ये सर्वांत जास्त ओल शिरते ती मे महिन्यात नव्हे, ऑगस्टमध्ये. मे महिन्यात धारूर-माजलगावकडचा पारा चाळिशी ओलांडतो, पोरं गार पाण्यासाठी सारखी दार उघडतात, कंप्रेसरला उसंत नसते. पण ती हवा कोरडी असते. दुपारच्या ४० अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत जेमतेम १० ग्रॅम बाष्प मावलेलं असतं. श्रावणातली २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा तेवढ्याच जागेत २३ ग्रॅम पाणी बाळगून असते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधल्या हवेला मात्र एखाद ग्रॅमच्या वर बाष्प पेलवत नाही. २५० लिटरच्या फ्रीजमधली हवा एकदा पुरती बदलली, तर ऑगस्टमध्ये चहाचा चमचाभर पाणी आत आलं असं समजा. दिवसभरात दार किती वेळा उघडतं, ते ज्याच्या त्याच्या घरावर.

हे पाणी जातं कुठे? डबल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक कॉइल असते. आतला पंखा सगळी हवा तिच्यावरून खेळवतो आणि हवेतलं बाष्प पाणी न होता थेट हिम होऊन तिथे चिकटतं. हिम याही फ्रीजमध्ये जमतंच, फक्त डोळ्यांआड. एकाच दाराच्या साध्या फ्रीजमध्ये ते समोर दिसतं, म्हणून आपण बटण दाबून ते वितळवतो. इथे हे काम यंत्राला स्वतःच करावं लागतं. हिमात हवा अडकलेली असते, त्यामुळे ते थंडी अडवतं. आणि पात्यांमधल्या फटी बुजल्या की पंखा नुसताच घरघरत राहतो.

म्हणून कंप्रेसर काही तास चालला की फ्रीज त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा छोटा हीटर लावतो. हो, फ्रीजच्या पोटात हीटर! वितळलेलं पाणी नळीतून मागे उतरतं, कंप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडतं आणि त्याच्याच उष्णतेने उडून जातं. स्वयंपाकघरातून उचललेली ओल स्वयंपाकघरालाच परत.

खरी गंमत पुढे आहे. हीटर बंद कधी करायचा? लवकर बंद केला तर हिम उरतं, उशिरा केला तर आतलं अन्न गरम होतं. पॅनेलमागे अंधार, आणि हिम संपलं का हे बघायला डोळा नाही. तरी फ्रीजला ते कळतं, कारण बर्फाला एक अजब सवय आहे. वितळू लागलेला बर्फ शून्य अंशावर अडून बसतो. हीटर कितीही उष्णता ओतो, ती वितळण्यातच खर्ची पडते आणि तापमान हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. कॉइलवर अर्धा किलो हिम असेल तर १५० वॅटच्या हीटरला साधारण १९ मिनिटं नुसती शून्यावर घासावी लागतात. शेवटचा कण वितळला, की अडवणारं कोणी उरत नाही आणि तापमान झपाट्याने वर चढतं. ते दहा अंशांच्या आसपास पोचलं, म्हणजे आसपास बर्फ नाही. जे दिसत नाही ते आहे की नाही, हे केवळ तापमानावरून ओळखायची ही युक्ती मला तरी फ्रीजमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हे तापमान सांगणारा साक्षीदार म्हणजे डिफ्रॉस्ट सेन्सर. हल्लीच्या फ्रीजमध्ये तो असतो थर्मिस्टर: बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेला अर्धवाहकाचा बारीक मणी आणि त्याला दोन वायरी. तांब्याची तार गार केली की तिच्यातून वीज सोपी जाते. हा मणी गार केला की वीज अवघड जाते. असलं उलटं वागणं मायकेल फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपलं होतं. आज त्याच स्वभावावर आपलं दूध-दही टिकून आहे. एका प्रचलित जातीच्या मण्याचा रोध २५ अंशांना ५ हजार ओहम असतो, शून्याला १६-१७ हजार आणि उणे २० ला ५० हजारांच्या आसपास. फ्रीजच्या कार्डाला, म्हणजे त्याच्या कंट्रोल सर्किटला, तापमान कळत नाही, हा आकडाच कळतो.

मणी बिघडला की कार्ड त्याच्यावर विश्वास ठेवूनच चुकतं. वायर तुटली तर रोध अमर्याद, म्हणजे कार्डाच्या लेखी भयंकर थंडी. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे भयंकर उष्मा. मग हीटर लावायचं कारणच नाही. हे दोन बिघाड इतके ढळढळीत असतात की बरीच मॉडेल्स एरर कोड दाखवून मोकळी होतात. अवघड असतो तो तिसरा. टोपणात ओल शिरते, मण्याला समांतर अशी विजेची चोरवाट तयार होते आणि रोध घटतो. मणी शून्यावर असतो, आकडा सांगतो १० अंश. कार्ड हीटर बंद करतं. निम्मं हिम जागेवर. पुढच्या खेपेला त्यावर नवा थर.

घरात याची लक्षणं ठरलेली असतात. वर फ्रीझरमध्ये बर्फ पक्का, खाली दूध नासतंय, कोथिंबीर मान टाकतेय. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर, कधी पंख्याची पाती बर्फाला घासल्याचा खरखराट. आणि सर्वांत बोलकी खूण: फ्रीज बंद करून, दार उघडं ठेवून एक दिवस पूर्ण वितळू दिला की तो काही दिवस नव्यासारखा चालतो, मग पुन्हा तेच.

याच टप्प्यावर कोणीतरी म्हणतं, “गॅस संपलाय, भरून घ्या.” गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि गळती झाली तरच कमी होतो. खरं काय ते पॅनेल उघडल्यावर कॉइलच सांगते. गॅस कमी असेल तर हिम फक्त पहिल्या काही वेटोळ्यांवर दिसतं, पुढची कॉइल कोरडी. डिफ्रॉस्ट बिघडलं असेल तर कॉइल वरपासून खालपर्यंत बर्फात बुडालेली. पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला हे दाखवायला सांगावं. बर्फ स्वतः मात्र सुरीने टोकरू नये. नळीला भोक पडतं, आणि आजच्या पुष्कळ फ्रीजमधला गॅस आयसोब्यूटेन आहे, तो पेट घेतो.

आता साक्षीदाराची उलटतपासणी. त्यासाठी ज्याबद्दल शंका नाही असं एक तापमान हवं. उकळतं पाणी चालत नाही, त्याचं तापमान दाबाप्रमाणे बदलतं. तेलगावच्या साखर कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नको: साखर कारखान्यात उसाच्या रसाचा पाक निर्वात पॅनमध्ये ६०-७० अंशांना उकळवतात, म्हणजे साखर करपत नाही. बर्फ वितळण्याचा बिंदू मात्र डोंगरावर न्या की पठारावर, हलल्यासारखा वाटतच नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षारही अंशाच्या दहाव्या भागाइतकाच फरक पाडतात. म्हणून स्टीलच्या ग्लासात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरायचा, वर थोडं पाणी घालायचं, ढवळायचं. प्रयोगशाळेच्या तोडीचं शून्य तयार.

फ्रीजचा प्लग काढून सेन्सर सुटा करायचा, मण्याचं टोक ग्लासात पाच मिनिटं बुडवायचं आणि मल्टीमीटर ओहमवर लावायचा. आकडा त्या मॉडेलच्या तक्त्याशी जुळला पाहिजे. नुसत्या खोलीतल्या तापमानाला मोजून समाधान मानू नये. ओल शिरलेला मणी गरमीत बरोबर आणि थंडीत चूक उत्तर देऊ शकतो, कारण थंडीत त्याचा स्वतःचा रोध मोठा असतो आणि चोरवाट जास्त जाणवते. मोजताना वायर हलवून बघावी. आकडा उड्या मारत असेल तर दोष मण्यात नसून जोडात आहे. कधी मणी अगदी शहाणा निघतो, फक्त त्याची क्लिप कॉइलवरून सुटून तो हवेत लोंबकळत असतो.

जुन्या फ्रीजमध्ये थर्मिस्टरच्या जागी बायमेटल असतो: दोन धातूंची जोडपट्टी, तापली की वाकते आणि सर्किट तोडते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने १८व्या शतकात सागरी घड्याळासाठी वापरलेलीच ही कल्पना. इथे चांगला भाग फेकला जाण्याची भीती जास्त, कारण खोलीच्या तापमानाला बायमेटल तुटलेलाच दिसतो. तसाच तो असायला हवा. तो जोडला जातो शून्याच्या बराच खाली, त्यामुळे ग्लासातला नुसता बर्फ पुरत नाही. पॉटचं आइस्क्रीम करताना डब्याभोवती घालतो तसं बर्फात भरपूर मीठ मिसळायचं; मिश्रण उणे दहाच्याही खाली उतरतं. पट्टी “टक्” करून जोडली गेली तर बायमेटल शाबूत आहे, मग हीटर, थर्मल फ्यूज आणि टायमर यांची चौकशी. वीज चालू ठेवून करायची तपासणी मात्र जाणत्या मेकॅनिकवर सोडावी.

नवा सेन्सर घेताना काउंटरवर दिसायला हुबेहूब असे दोन मिळू शकतात, एक ५ हजारांचा आणि एक १० हजारांचा. कार्ड १० हजारांच्या मण्यासाठी बनवलेलं आणि बसवला ५ हजारांचा, तर बर्फाने वेढलेला तो मणी १६-१७ हजार ओहम दाखवेल. कार्डाच्या तक्त्यात हा आकडा साधारण १४ अंशांसमोर असतो, म्हणून ते हीटर तत्काळ बंद करेल आणि नव्याकोऱ्या सेन्सरसकट जुना बिघाड जसाच्या तसा परत येईल. दुकानातून आणलेला मणीही बसवण्याआधी एकदा ग्लासात बुडवून मोजलेला बरा.