सेवा एकाची, जमीन दुसऱ्याची

२००२ मध्ये विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, टाटा समूहाकडे गेलं. परदेशी संपर्काचा सगळा कारभार गेला, पण कंपनीची देशभरातली जादा जमीन सरकारने सौद्याबाहेर ठेवली. त्यातला सर्वांत मोठा तुकडा पुण्याजवळच्या आपल्या दिघीतला, ५२४ एकरांचा. पुढे या जमिनींसाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची वेगळी सरकारी कंपनीच काढावी लागली. याच व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. सेवा एकाची आणि जमीन दुसऱ्याची, ही दिघीची स्थिती इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्यांच्याही वाट्याला आली. गेल्या तीस वर्षांकडे मी त्याच नजरेने पाहतो: शब्द आपले होते, पण ते उभे होते ती जागा कोणाची होती?

पहिली काही वर्षं अक्षरांनीच खाल्ली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येक फाँटचा कोड निराळा. एकात टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. पुण्यात सी-डॅकने भारतीय लिप्यांवर मोठं काम केलं होतं, इस्की हा सामाईक कोड १९९१ मध्ये भारतीय मानकही झाला होता, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवरून घेतली गेली. तरी सामान्य माणसाच्या पडद्यावर ती यायला विंडोज २००० आणि त्यातला र. कृ. जोशींचा मंगल फाँट यावा लागला. पाठोपाठ लोहितसारखे मुक्त फाँट आले. अक्षर कोणाच्या परवान्यावर अवलंबून राहिलं नाही, ही पहिली सुटका.

जागेचा प्रश्न मात्र तसाच होता. बहुतेकांनी मोठ्या कंपन्यांनी फुकट दिलेल्या खोल्या घेतल्या. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने जिओसिटीज बंद केलं, तेव्हा ज्यांनी वेळेत उचललं नाही त्यांचं तिथलं लेखन गेलं. दुसरी वाट थोड्यांनी धरली. १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली मायबोली, २००४ चं मनोगत, २००७ चं मिसळपाव ही संकेतस्थळं हौशी माणसांनी स्वतःच्या बळावर चालवली. मनोगतकारांनी ड्रुपल ही मुक्त प्रणाली घेतली आणि त्यात देवनागरी टंकलेखनाची सोय स्वतः बसवली. कोड खुला होता, त्यामुळे कोणाची परवानगी मागायची नव्हती. मराठी प्रकाशनाच्या इतिहासात या कामाची नोंद फार कमी घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं.

वर्डप्रेसचा जन्मही असाच. बी-टू या प्रणालीचं काम थंडावलं, पण तिचा परवाना मुक्त होता. म्हणून २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांना ती पुढे नेता आली. तिचं मराठीकरण स्वयंसेवकांनी केलं, पुण्यात तिच्यावर व्यवसाय उभे राहिले आणि छोट्या गावांतल्या वार्ताहरांनाही स्वतःचं संकेतस्थळ परवडू लागलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात भांडण पेटलं. त्या कंपनीला नव्या आवृत्त्या पुरवणारं दार बंद झालं, आणि ज्या मध्यवर्ती संकेतस्थळावरून हा पुरवठा होतो ते वर्डप्रेस प्रतिष्ठानाचं नसून मुलनवेग यांच्या हातात आहे, हे अनेकांना तेव्हाच कळलं. मुक्त परवाना कोड वाचवतो. पुरवठ्याची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या परवान्यात लिहिलेलं नसतं.

म्हणूनच घोस्ट या प्रणालीची बारा-तेरा वर्षं मला महत्त्वाची वाटतात. वर्डप्रेसच्या रचनेवर काम केलेल्या जॉन ओ'नोलन यांनी २०१२ च्या नोव्हेंबरात केवळ लेखन-प्रकाशनासाठी प्रणाली असावी अशी कल्पना मांडली. हॅना वुल्फ यांच्यासह त्यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर २५ हजार पौंड मागितले. ५,२३६ जणांनी मिळून १,९६,३६२ पौंड दिले. कोड तर खुला ठेवलाच, पण संस्थाही अशी नोंदवली की तिला भागधारक नाहीत. ती विकता येत नाही, नफा वाटता येत नाही. होस्टिंगच्या शुल्कातून काम चालतं. आपल्याकडे साधना साप्ताहिक ट्रस्टच्या हाती राहिलं आणि १९४८ पासून आजवर चाललं. ज्याला मालक नाही, त्याला विकणाराही नसतो.

२०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत घोस्टने सभासद आणि वर्गणी आणली. सबस्टॅक ही लेखकांसाठी वर्गणी गोळा करणारी सेवा त्यातून दहा टक्के कापून घेते. घोस्ट काहीच घेत नाही, आणि वर्गणीदारांची यादी लेखकाचीच राहते. जानेवारी २०२४ मध्ये पत्रकार केसी न्यूटन आपलं प्लॅटफॉर्मर हे वार्तापत्र सबस्टॅकवरून घोस्टवर घेऊन गेले ते याच यादीसकट. वर्गणीदार हेच ज्यांचं भांडवल, अशी मासिकं चालवलेल्या मराठी संपादकांना या यादीचं मोल वेगळं सांगायला नको.

पण मराठी लेखक इथेच अडतो. घोस्टची वर्गणी स्ट्राइप या परदेशी कंपनीमार्फत जमा होते. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि कार्डावरच्या कितीतरी वर्गण्या अडकल्या. मे २०२४ पासून तर स्ट्राइप भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर देते. आपला वाचक पैसे देतो यूपीआयने, भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत. दर महिन्याची रक्कम आपोआप देण्याची सोयही यूपीआयमध्ये २०२० पासून आहे. या दोन टोकांमध्ये पूल नाही, म्हणून वर्तमानपत्राची नोकरी सुटलेला चांगला वार्ताहर यूट्यूबच्या जाहिरातींकडे वळतो आणि पुन्हा दुसऱ्याच्या जागेत जाऊन बसतो.

हा पूल बांधणं आवाक्याबाहेरचं नाही. घोस्टचा एमआयटी परवाना कोडमध्ये हवा तो बदल करू देतो. दिघीच्या टेकडीवर १९९४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि भोसरी-चाकणपर्यंत प्रोग्रामरांची वाण नाही. यूपीआयची वर्गणी घोस्टला जोडणं, पावती मराठीत देणं, वर्षाची वर्गणी संपण्याआधी वाचकाला मराठीत आठवण करणं, एवढं जरी कोणी लिहून खुलं केलं, तरी ते एका गावच्या वार्ताहराला आणि एका जुन्या मासिकाला सारखंच वापरता येईल.