मासे येण्यापूर्वीची मत्स्यपेटी

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पाहत वाढलेल्या मुलाला मासा नवा नसतो. तथापि काचेच्या पेटीत जिवंत मासा सांभाळणे हा अगदी निराळा व्यवहार होय. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय पाहून सहल परतली की, आपल्याही शाळेत गोड्या पाण्याची अशी पेटी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पेटी येते, त्याच दिवशी मासे सोडले जातात आणि आठ-पंधरा दिवसांत एकामागून एक मरतात. दोष बहुधा मासे विकणाऱ्यास दिला जातो.

खरे कारण पाण्यात असते. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. समुद्रात तो विरून जातो; शंभर लिटरच्या पेटीत साठतो व माशांना मारतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट बनवितो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. यांपैकी नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. शेणखतातील नत्र पिकास लागू होते ते याच मार्गाने. हे काम सजीवांचे आहे, असे श्लोसिंग व म्यून्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये सांडपाणी वाळूतून झिरपवून दाखविले होते.

हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात; गाळणीचा स्पंज, वाळू व दगड यांवर ते वस्ती करतात. त्यांची वाढ अतिशय संथ असल्याने पेटी तयार होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. एवढा धीर धरणारेही पुढे एक चूक करतात. पेटी दिवाळीच्या सुटीपूर्वी तयार होते, मासे सुटीनंतर यावयाचे असतात. मधल्या काळात पेटी रिकामी समजून गाळणी बंद केली जाते. वस्तुतः ती रिकामी नसते. विरजण राखावे लागते, तशीच ही वस्तीही राखावी लागते. उपासमारीने जीवाणू एका दिवसात मरत नाहीत, परंतु त्यांची क्षमता घटत जाते आणि मासे आले की वाढलेला भार त्यांना पेलत नाही.

यास्तव मासे येईपर्यंत त्यांना अमोनिया पुरवीत राहावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागर यासाठी सोयीचा आहे (कल्हईवाल्याकडचा नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते). तीन ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर द्रावण १०० लिटरच्या पेटीत घातल्यास अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम होते. एक दिवसाआड एवढे पुरे. चोवीस तासांनी तपासणी करता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळले, तर वस्ती सुदृढ आहे असे समजावे. कोळंबीचा तुकडा टाकून ठेवण्याचाही प्रघात आहे आणि हर्ण्यात कोळंबीस तोटा नाही. पण त्याने मात्रा कळत नाही, दुर्गंधी मात्र सर्वांना कळते.

पाण्याबाबत पंचायत सदस्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. विहिरीत व टाकीत टी.सी.एल. पावडर घातली जाते, आणि पावसाळ्यात तर ती घालावीच लागते. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारणारा हा क्लोरीन उपकारक जीवाणूंनाही सोडत नाही. म्हणून पेटीत घालावयाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा.

जांभ्या दगडातून झिरपणारे कोकणातील पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. जीवाणूंच्या कार्यात पाण्यातील क्षारता खर्ची पडते. ती संपली की त्यांचे काम मंदावते. किनाऱ्यावरच्या मूठभर रिकाम्या शिंपल्या गोड्या पाण्यात उकळून गाळणीत ठेवल्यास त्यांतील चुना हळूहळू विरघळून ही तूट भरून निघते.

प्राणवायू ही त्यांची दुसरी गरज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून होती. वीज दीर्घकाळ गेल्यास बंद गाळणीतला स्पंज काढून पेटीतच ठेवावा व तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहावे.

मासे आणण्याच्या आदल्या दिवशी नवसागर बंद करावा, दोन्ही विषारी घटक शून्य असल्याची खात्री करावी आणि साठलेला नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे. प्रथम दोन-चार मासेच सोडावेत. आठवडाभर रोज तपासणी करून अमोनिया वा नायट्राइटचा अंश दिसल्यास खाद्य थांबवावे, चौथा हिस्सा पाणी बदलावे व पुढचे मासे आणण्याची तारीख लांबवावी.